खुर्ची नको, ओमनामूची साल हवी

२ ऑक्टोबर
आमच्या युरिमचं लग्न ठरलं. नात ठेंगणी आहे, पण नशीब उंच काढलं पोरीनं. लग्न लागल्यावर नवरानवरी वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात, तेव्हा आपण जमिनीवर बसायचं असतं. सूनबाई म्हणते, "आई, तुमच्यासाठी खुर्ची सांगितलीय." खुर्ची! माझ्या सासूबाई नव्वदीतही जमिनीवर बसायच्या. उठता येत नव्हतं म्हणून बसून असायच्या, पण ते वेगळं.
ठरवलं. गुडघे बरे करायचे. काटेरी ओमनामूच्या झाडाची साल उकळून प्यायची. आमच्या आईनं अर्ध्या गावाला पाजली होती.

४ ऑक्टोबर
शेजारची मल्सुन म्हणाली, तू रक्त पातळ व्हायची गोळी खातेस, आधी विचार कुणाला तरी. मी सगळं विचारूनच करते. नर्सबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, गोळी बंद करायची नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा थेंबभरसुद्धा नको.
थेंबानं काय होणार म्हणा. वाडगाभर घेतला.

७ ऑक्टोबर
फारच गुण. गुडघा अजून वाजतो, पण आवाज सुधारलाय.
पोट थोडं बिघडलं. कालचा मुळा असणार.
साल संपली. भुतं आत येऊ नयेत म्हणून दारावर ओमनामूच्या फांद्यांची जुडी टांगली होती, ती काढून सोलली. धूळ बरीच होती. आता भुतं आली तर येऊ देत. येणार कोण, आमचे हेच ना. नातीच्या लग्नाला त्यांनी यायलाच हवं.

१० ऑक्टोबर
दंडावर निळे डाग. कोबीची टोपली लागली असेल. दात घासताना रक्त आलं. ब्रश नवा आहे.
सूनबाईला मागच्या चुलीवर पातेलं सापडलं. तिनं मला सरळ गाडीत बसवलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. वयानं माझ्या धाकट्याएवढे, पण बोलायला लागले की थेट. म्हणाले, "आजी, गुडघा दुखला तर लग्नात खुर्ची मिळेल. रक्त थांबलं नाही तर लग्नच मिळणार नाही."
गाडीत सूनबाई रडली. मीही थोडी रडले, तिला सोबत म्हणून.
काढा सोडला. तसा सोडणारच होते, गुण तर आलाच होता. गरम पिशवीनं शेकायला सांगितलंय, आणि पाय हळूहळू सरळ करायचा व्यायाम. शेकते. व्यायाम उद्यापासून.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळ
लग्न झालं. युरिम लाल कपड्यात काय दिसत होती!
खुर्ची मी पायानं बाजूला सारली आणि जमिनीवर बसले. बरोब्बर बसले. मल्सुन पाहत होती. भरपूर पोरंबाळं होवोत म्हणून मी सुकी बोरं आणि चेस्टनट उधळले, पोरीनं पदर पसरून भरपूर झेलले.
मग सगळे उठले. मी म्हटलं, मी जरा बसते. आणखी जरा बसले. तेवढ्यात पुढच्या लग्नाची माणसं दारात येऊन उभी राहिली.
आमच्यात नवऱ्यानं नवरीला पाठीवर घेऊन खोलीत फिरवायचं असतं. नातजावयानं आधी मला घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढा मान गावात कुठल्याच म्हातारीला मिळाला नसेल.
त्यानं हळूच विचारलं, "आजी, दुखतंय का?"
मी म्हटलं, "अजिबात नाही."
मग त्यानं मला खुर्चीत ठेवलं.
गादी मऊ होती.