अंगावरचं धरत नाहीत

मी, या गल्लीत 'पायवाला' म्हणून ओळखला जाणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा कृत्रिम पाय बनवणे, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाला, भिडेला वा लोभाला बळी न पडता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. दडपण आणणारे सगळे येऊन गेले, आता कोणी उरलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. आज काय आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, आज कर भरायची मुदत संपते. त्यांनी पुढे काही न विचारता दाखला लिहून टाकला.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी, विशेषतः माझा मेहुणा, सांगू लागला तर ते खोटं समजावं.

कलम १. देणी.
माझ्याकडे कोणा माणसाचं काही देणं नाही. सरकारचं आहे, असं सरकार म्हणतं. त्याचा खुलासा असा.

मी मुळात सुतार. खुर्च्या-टेबलांचे पाय करून पोट भरत होतो. मुलगी सहा वर्षांची असताना शाळेमागच्या माळावर खेळायला गेली आणि तिच्या पायाखाली सुरुंग फुटला. युद्ध संपून वर्ष होऊन गेलं होतं. डावा पाय गुडघ्याखाली गेला. भरपाईच्या कचेरीत मी तिला कडेवर घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी फाईल चाळली आणि लहान मुलाला समजवावं तसं मला म्हणाले, "शत्रूचा सुरुंग असता तर भरपाईत बसलं असतं. हा आपलाच आहे."

आपलाच म्हणजे कोणाचा, हे घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात घोळत राहिलं. पुरला लष्कराने, पण लष्कराला पैसे दिले कोणी? त्या सालचा कर मी रांगेत उभं राहून, मुदतीच्या आत, अगदी शहाण्या मुलासारखा भरला होता. म्हणजे तो सुरुंग माझ्या पैशाचा होता. त्यानंतर युद्धाच्या हिश्शाचा कर मी कधी भरला नाही.

रस्ते, शाळा, दवाखाने यांचा हिस्सा मी दर वर्षी नियमाने भरला. उरलेला, जवळजवळ तिसरा भाग, मागे ठेवला आणि खिडकीवर जाऊन तोंडाने सांगितलं की एवढे मी देणार नाही. गल्लीत मला करबुडव्या म्हणतात. कर बुडवणारा लपवतो. मी दर वर्षी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगत होतो. तेव्हा माझ्या पाठीमागे कोणीही हा शब्द वापरू नये, निदान तेराव्या दिवसापर्यंत तरी.

कलम २. शिल्लक.
शिल्लक काही नाही. शोधू नये, फरशा उकरू नयेत. मागे ठेवलेल्या त्या तिसऱ्या हिश्शातून मी ज्यांना सरकारी पाय मिळत नव्हता त्यांना पाय करून दिले. सरकारी पाय सैनिकाला मिळतो. माळावर शेळ्या चारणाऱ्या बाईला मिळत नाही, कारण तिच्या पायाखालीही आपलाच असतो. सैनिकांचे पायही मी केले. पाय गेलेल्या माणसाला दारातून परत पाठवण्याइतका मी तत्त्वनिष्ठ नाही.

कलम ३. साचे.
पाय करायचा तर आधी माणसाच्या उरलेल्या पायावर, त्याला आम्ही खुंट म्हणतो, प्लास्टरची पट्टी गुंडाळून माप घ्यावं लागतं. मग त्यात प्लास्टर ओतून खुंटाचा हुबेहूब साचा निघतो आणि त्या साच्यावर पायाची वाटी, म्हणजे खुंट ज्यात बसतो तो भाग, घडते. मी एकही साचा फेकला नाही. कारखान्याच्या तिन्ही भिंतींवर छतापर्यंत ते लावलेले आहेत.

पहिल्या काही वर्षांतच एकदा जप्ती आली होती. जप्तीचा कारकून भिंतींकडे बघत बसला, मग यादीत त्याने लिहिलं, 'शोभेच्या पांढऱ्या वस्तू'. मी दुरुस्त केलं नाही. त्याने रंधे, किकरं, करवती, मुलीच्या आईचं शिलाईचं यंत्र, सगळं उतरवून घेतलं. माझी मुलगी दारात उभी होती, आठेक वर्षांची, मी केलेला पाय घालून. त्याची नजर त्या पायावर थांबली. पेन कागदावरच होतं. हिची आई मधे जाऊन उभी राहिली. तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "नाही हो बाई, अंगावरचं धरत नाहीत." हे वाक्य माझ्या कामी येणार आहे, ते कलम ६ मध्ये.

तर सर्व साचे, माझ्या मुलीचे सोडून, मी करवसुली कार्यालयास देतो. माझ्याकडून येणं आहे ना? हे घ्या. एकेका साच्यावर माणसाचं नाव आणि साल कोरलेलं आहे. हातगाडीच्या खेपा समोरच्या सलूनवाल्याने कराव्यात आणि प्रत्येक खेपेची पावती मागावी.

मेहुण्यासाठी वेगळं कलम घालत नाही, इथेच उरकतो. तो लष्कराला बूट पुरवतो. माझ्या भिंतीला लागून पश्चिमेचं गोदाम त्याचं, मला ऊन येत नाही ते त्याच्यामुळे. भाची इस्पितळातून घरी आली तेव्हा हा भेट घेऊन आला. खोका उघडला तर नवे कोरे बूट, दोन. हिची आई आत निघून गेली. उजवा बूट मुलीने फाटेपर्यंत वापरला. डावा तसाच आहे, आतला कागदाचा बोळासुद्धा. तो मेहुण्याला परत द्यावा. त्याला वाईट वाटलं तर वाटू द्यावं.

कलम ४. हत्यारं.
माझी सर्व हत्यारं, ओवन आणि कामाचं टेबल माझ्याबरोबर पट्टे शिवणाऱ्या चामडेवालीला द्यावं. ती फटकळ आहे, पण तिच्या पट्ट्याने कोणाच्या मांडीला कधी फोड आला नाही. ती हे नको म्हणेल. दोनदा विचारावं, तिसऱ्यांदा तिच्या दारात नेऊन टाकावं.

कलम ५. घर.
खाली कारखाना व त्यामागची माझी खोली, वर दोन खोल्या, जिना, दोन्ही बाजूंच्या कठड्यासह. घर माझ्या स्वकष्टाचं आहे. मुलीची आई आता हयात नाही. वर माझी मुलगी राहते. शाळेत गणित शिकवते. या घरावर तिच्याशिवाय कोणाचा हक्क नाही, पण त्याआधी मला काही लिहिणं भाग आहे.

त्या एका जप्तीनंतर आणखी दोनचार वेळा नोटिसा आल्या, मग मुलगी नोकरीला लागली आणि नोटिसा बंद झाल्या. मी दर वर्षी खिडकीवर जाऊन नकार सांगायचो, खिडकीतला माणूस मान हलवायचा, आणि घरावर कोणी यायचं नाही. मला वाटलं सरकार मला घाबरलं. खरंच वाटलं. गल्लीतून छाती पुढे काढून चाललो. सलूनमध्ये खुर्चीत बसून लोकांना सांगायचो की माणूस ठाम राहिला की सरकार वाकतं. लोक ऐकून घेत. आता कळतं की अर्ध्यांना ठाऊक असणार.

दोन वर्षांपूर्वी करवसुलीतला एक कारकून आपल्या काकाला घेऊन माप द्यायला आला. भला माणूस. पट्टी वाळेपर्यंत गप्पा मारत बसला आणि म्हणाला, "तुमच्या घरासारखे लोक असते तर आमचं काम सोपं झालं असतं. तुम्ही येऊन बोलून गेलात की दुसऱ्या दिवशी ताई येतात, उरलेलं भरतात. कधी एक दिवस उशीर नाही." काकाच्या खुंटावरची पट्टी माझ्या हातातच वाळली. ते माप वाया गेलं.

मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन म्हटलं, तिचे पैसे तिला परत द्या आणि मला थकबाकीदार करा. ते हसले. भरलेला कर परत मिळत नाही, आणि कोणी भरला याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. इतकी वर्षं मी ज्या भिंतीला धडका मारत होतो त्या भिंतीला माझी मुलगी मागून उशी लावत होती.

मी जिना चढून वर गेलो. मी म्हटलं, ज्या पायासाठी मी हे केलं त्याच पायाने तू चालत जाऊन ते पैसे भरलेस. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली ठेवून म्हणाली, "बाबा, पाय माझा गेला, तुमचा नाही. माझ्या पायाच्या नावावर घर घालवायचं का, हे मला एकदा तरी विचारलंत?"

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहितो, म्हणजे नंतर कोणी मला संत करणार नाही. मी म्हटलं, "तुझ्या पैशाचा सुरुंग कुठल्या माळावर पुरलाय ते शोध. तिथे खेळणाऱ्या पोरीचं माप घ्यायला मी जातो."

तिने लाल पेन पुन्हा उचललं. त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. तिने कर भरणं बंद केलं. नोटिसा पुन्हा सुरू झाल्या, दारावर चिकटवलेल्या आहेत. मी मेलो की कार्यालय आधी आपलं वसूल करणार, मग वारसाला काय उरेल ते. म्हणजे तिने भरलं तर घर तिचं, नाही भरलं तर लिलाव.

या कलमाखाली मी आधी एक अट लिहिली होती: थकबाकीतला युद्धाचा हिस्सा मुलीने भरल्यास घरावरचा तिचा हक्क जावा. त्या चार ओळी मी आडव्या रेघा मारून खोडल्या आहेत, समासात सही केली आहे. खोडण्याचं कारण विचारू नये. विचारलंच तर हे, की धमकी देऊन वसूल करणारे एक आहेत तेवढे पुरेत.

घर मी मुलीस विनाअट देतो. भरायचं असेल तर भर. नसेल तर घर जाऊ दे आणि कुठेतरी तळमजल्यावर खोली बघ, जिना तुला चांगला नाही. पण भरलंस तर माझ्या नावावर भरू नकोस. स्वतःच्या नावावर भर. माझं नाव तेवढं कोरं राहू दे. मी तुला माफ केलेलं नाही. तू मला करावंस अशी अपेक्षाही नाही.

कलम ६. पाय.
वयाबरोबर खुंट झिजतो, वाटी सैल होते. मग माणूस आत जाडीसाठी लोकरी मोजे चढवतो. एक मोजा घालून चालतो तो पाय ठीक. दोन झाले की माझ्याकडे यायचं असतं. सहा वर्षांची होती तेव्हापासून माझ्या मुलीचा प्रत्येक पाय मी केला आहे आणि मोजे तिच्या आईने विणले आहेत. गेली दोन वर्षं ती आली नाही. मी बोलावलं नाही.

मात्र माझ्या खोलीचं छत म्हणजे तिची जमीन आहे. पाऊल टेकल्यावर खुंट सैल वाटीत खाली घसरतो आणि बारीक दुसरा आवाज होतो. आधी तो फक्त शाळेतून आल्यावर व्हायचा, मग दिवसभर होऊ लागला. एक दिवस चामडेवाली पट्टा शिवता शिवता वर बघून म्हणाली, "ऐकू येतंय ना? मग एक तर कानात बोळे घाला, नाही तर पाय करा."

मी पाय केला. माप न घेता. तिचा शेवटचा साचा फळीवरून काढला आणि वरच्या चालण्याकडे कान देऊन रोज थोडा कानशीने घासला. असं कोणी करत नाही, करूही नये. एका मोज्यावर बसेल असा तो केला आहे. कामाच्या टेबलाखाली जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला आहे.

तो पाय माझ्या मिळकतीत धरू नये. पण सरकार धरेल, कारण कारखान्यात सापडेल ते सगळं माझं. म्हणून सलूनवाल्याला मी तोंडीही सांगून ठेवलं आहे, कारण हा कागद उघडेपर्यंत उशीर होईल. मी गेल्याचं कळलं की कोणाला बोलावण्याआधी वर जायचं, मुलीला खाली आणायचं आणि तो पाय तिच्या पायात घालायचा. रडारड नंतर. अंगावरचं धरत नाहीत.

नडगीच्या टोकाला लागलं तर ओढूनताणून वापरू नकोस, चामडेवालीला दाखव. जिना उतरताना कठडा धरायचा. लागणार नाही असं मला वाटतं.

ठिकाण: कारखाना, कामाचं टेबल.
दिनांक: कर भरायच्या मुदतीचा शेवटचा दिवस.
(सही) पायवाला

साक्षीदार:
१. डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. (सही) लिहून देणार शुद्धीवर असून त्यांनी माझ्यासमक्ष सही केली.

२. सलूनवाला, समोरचं दुकान. (सही) पायवाल्यांनी आम्हा दोघांच्या समोर सही केली व आम्ही त्यांच्या समोर केली. सही करताना वरून ताईंच्या चालण्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी पेन उचललं आणि आम्हालाही हाताने गप्प केलं. ताई खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग पायवाले म्हणाले, "तीन मोजे झाले," आणि सही पुरी केली. मी म्हटलं, पाय तयार आहे तर आजच द्या ना वर नेऊन, जिवंतपणी. ते म्हणाले, तूच ने, मी दिला असं सांगू नकोस. मी नेऊन दिला. आता हे लिहीत असताना वरून एकच आवाज येतो आहे. पायवाले छताकडे बघत बसले आहेत.