मंदा म्हणायचं नाही

६ ऑक्टोबर
रोजनिशी सुरू. सगळे मोठे उद्योजक लिहितात म्हणे.

सकाळी पुण्याहून फोन. आकांक्षा मॅडम. त्यांची संस्था दर तीन महिन्यांनी व्यापाऱ्यांना विचारते, धंदा कसा आहे, पुढं कसा राहील. हिंगोली जिल्ह्यातून माझं नाव निघालं. निघणारच. ‘राजनंदिनी फर्निचर मॉल, सेनगाव’ हे नाव यादीत दिसल्यावर कोणाचंही बोट तिथंच थांबेल.

विक्री वाढली, तेवढीच, की घटली? सकाळपासून एक स्टूल विकलं होतं, ते डुगडुगतं म्हणून परत आलं होतं. पण पोरगी इतक्या अदबीनं सर सर करत होती की घटली म्हणणं बरं दिसेना. वाढली, म्हणालो. पुढचे सहा महिने? तेजी.

७ ऑक्टोबर
बायको, राधिका, म्हणाली, खोटं काहून बोललात. खोटं नव्हे, याला एक्स्पेक्टेशन म्हणतात. तिला समजावण्यात अर्धा तास गेला. तिच्या शिवणकामावर घर चालतं असा तिचा गैरसमज आहे, त्यामुळं मोठा विचार करता येत नाही.

११ ऑक्टोबर
समोरच्या फर्निचरवाल्या गुलाबचंदलाही तोच फोन आला होता. सोयाबीन विकून आलेले लोक त्याच्याकडं खाटा आणि कपाटं घ्यायला उभे, गल्ल्यापर्यंत हात पोचत नाही, आणि हा पठ्ठ्या फोनवर म्हणतो, मंदा हाय मॅडम, लई मंदा. मग फोन ठेवून दिला. आपल्या बाजारपेठेची ही जुनी खोड. धंदा बरा आहे म्हटलं की नजर लागते म्हणे! मराठवाडा मागं का, त्याचं उत्तर मला आज मिळालं.

संकल्प: मंदा हा शब्द उच्चारायचा नाही. पहाटे पाचला उठायचं.

१२ ऑक्टोबर
आठला उठलो. उद्यापासून.

२ नोव्हेंबर
पेपरात जिल्ह्याच्या पानावर बातमी! हिंगोलीच्या व्यापाऱ्यांचा आत्मविश्वास उंचावला. वाचून अंगावर काटा आला. मी आपलं अंदाजानं बोललो होतो, पण आता सर्व्हेच सांगतोय म्हटल्यावर प्रश्न मिटला. कात्रण दुकानाच्या काचेवर चिकटवलं. नांदेडच्या कारखान्याला फोन करून एल आकाराचे सोफे सांगितले. एक गाडी.

९ नोव्हेंबर
सोफे आले. दुकानात मावले तेवढे ठेवले, बाकी घरी. एक दारातून आत जाईना, चौकट काढावी लागली. राधिका म्हणाली, तुमच्या सोफ्याला तुमचंच दार पुरंना, तर पुसेगावच्या माणसाचं कसं पुरंल. मुद्दा बरोबर आहे. पुढंमागं दारं-चौकटींचाही धंदा करता येईल.

२८ नोव्हेंबर
लग्नसराई सुरू. तातेराव जीपवाला कामाचा माणूस. पुसेगावची एक अख्खी वऱ्हाडी मंडळी त्यानं दुकानात आणून सोडली. सगळे सोफ्यावर बसले. नवरीच्या बापानं पाय वर घेतले, मामा तर घोरायला लागला. चहा पाजला. मग समोर जाऊन कपाट आणि खाट घेतली. जाताना मात्र म्हणाले, बसायला झकास हाय, बराबर मऊ हाय. ब्रँड असाच तयार होतो.

१४ डिसेंबर
रोज गर्दी. जीप भरेपर्यंत तातेरावची सवारी माझ्या सोफ्यावर बसते. आज एका म्हातारीनं मलाच विचारलं, जीप कवा निघणार. फुटफॉल वाढतोय हे नक्की.

५ जानेवारी
आकांक्षा मॅडमचा फोन. दुकानात येणारी माणसं वाढली का? वाढली. मालाचा साठा वाढला का? वाढला. दोन्ही शंभर टक्के खरं! राधिका समोर होती, तिला तोंड उघडता आलं नाही. पुढचे सहा महिने? तेजी.

३१ जानेवारी
पुन्हा बातमी. आत्मविश्वास आणखी वर गेला. आता मागं राहणं म्हणजे मूर्खपणा. दुसरी गाडी सांगितली.

८ फेब्रुवारी
गुलाबचंद दुकानात आला. आला आणि सोफ्यावर बसला नाही, हे लक्षात ठेवलं. म्हणाला, परभूभाऊ, तुमच्या जिभेत ताकद हाय, गिऱ्हाईक उठून जात न्हाई. हे सगळं आवरा अन् माझ्या काउंटरला उभे राहा. पगार देतो, तकलीफ होऊ देणार न्हाई. मॉलच्या मालकाला नोकरी! चहा सांगणार होतो, तो रद्द केला.

घरी सांगितलं. राधिकाला राग येईल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, कवापासून?

१० मार्च
भांडण. पोरीला, राजनंदिनीला, अभ्यासाला जागा नाही, ती एलच्या कोपऱ्यात बसून गणितं सोडवते. राधिकाची मशीन ओसरीत गेली. शेवटी तिनं ठरवलं: अक्षय्य तृतीयेपर्यंत सोफे गेले तर दुकान राहील, नाहीतर बोर्ड उतरवायचा आणि गुलाबचंदकडं जायचं. मी लगेच कबूल झालो. सर्व्हे माझ्या बाजूनं आहे.

२२ मार्च
एक सोफा विकला!! जवळा बाजारचे एक गुरुजी.

२३ मार्च
गुरुजींचा जिना अरुंद निघाला. सोफा परत आला. येताना एक पाय मोडला.

७ एप्रिल, दुपार
फोन. आज सहज विचारलं, मॅडम, आमच्या जिल्ह्यातून किती व्यापारी असतात सर्व्हेत? पोरगी भोळी. म्हणाली, फोन बऱ्याच जणांना करतो सर, पण कुणी कर्जवाल्यांचा समजून कट करतात, कुणी नुसतं मंदा म्हणून ठेवून देतात, अर्धवट उत्तरं धरता येत नाहीत. शेवटच्या प्रश्नापर्यंत फक्त तुम्ही थांबता. तुमच्यामुळंच तर सर्व्हेत हिंगोली येते सर.

फार भरून आलं. सगळ्या जिल्ह्याचा आत्मविश्वास म्हणजे मी एकटा! तिला पुन्हा तेजी सांगितली.

७ एप्रिल, संध्याकाळ
पण मग पेपरात वाचून मी दुसरी गाडी मागवली, ती कोणाच्या सांगण्यावरून?

हे राधिकाला सांगायचं नाही.

१८ एप्रिल
जेवण जात नाही. दुकानात येरझाऱ्या. सोफ्यावर बसवत नाही. कात्रणं काढायला गेलो तर निघेनात, फार पक्की चिकटवली होती. राधिकानं काही न विचारता ओल्या फडक्यानं काच पुसून काढली. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

अक्षय्य तृतीया
एकही गेला नाही. बोर्ड उतरवला. नांदेडवाल्यानं सोफे परत नेले, मिळेल त्या भावात. राजनंदिनी म्हणाली, बाबा, बोर्ड घरात लावू या, नाव माझंच हाय. मला रडू आलं. तातेराव येऊन भांडला, उन्हाचं सवारीनं बसावं कुठं?

३ जुलै
गुलाबचंदशेठच्या काउंटरला दोन महिने झाले. पेरण्या उरकून लोक मोकळे, आज बाजाराला माणूस मावत नव्हतं. ऐन गर्दीत फोन वाजला. आकांक्षा मॅडम. मॉल बंद झाल्याचं कळवायचं राहून गेलं होतं, आणि एवढ्या लोकांत कसं सांगणार. म्हणाल्या, सर, तुम्ही आहात तिथं धंदा कसा आहे? समोर कपाटासाठी दोन गिऱ्हाइकं हमरीतुमरीवर आलेली. तेजी म्हणायला तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं. तेवढ्यात गादीवरून शेठनं माझ्याकडं बघत नाही म्हणून मान हलवली.

मंदा आहे मॅडम, म्हणालो. लई मंदा.

मॅडमचा आवाज एकदम उतरला. काळजी घ्या सर, म्हणाल्या. पुढचे प्रश्न राहिले, मी फोन ठेवला.

शेठ खूश झाले. म्हणाले, परभूभाऊ, आता शिकलात धंदा. मग बाहेर टेम्पो उभा आहे, खाटा उतरवून घ्या, म्हणाले. गेलो.