दोन्ही पाय टेकले पाहिजेत

रवि., ९ नोव्हें.
आज जेवताना पप्पांनी निकाल दिला. निकालच, वरणाची वाटी बाजूला सारून. "अठरा पूर्ण झाली, कबूल केलं होतं, गाडी घेऊ. कोणती ते तू ठरव. अट एकच. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पूर्ण तळवे. नाहीतर आईची स्कूटर आहेच."
ऐकायला किती साधं. पण पप्पा कंपनीत स्टोअर सांभाळतात, त्यांना मापं कळतात. मला कोणती गाडी हवी तेही कळतं. उंच, सडपातळ, खडबडीत टायरची, डांबरावर चालते तशीच दगडगोट्यांतही. सीट माझ्या कमरेच्या वर. पेठकडच्या डोंगरात आरोग्य कॅम्पला एक नर्सताई असल्याच गाडीवर ओढ्यातून वर आली होती. आम्ही कॉलेजच्या मुली तेव्हा मोपेड ढकलत होतो. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.
आईचं मत : "आपल्या घराण्यात उंची नाही, मैतू. अक्कल आहे."
यापुढे उंच गाडी = उं.गा. दर वेळी एवढं कोण लिहिणार.

मंगळ., ११
शोरूम. आई सोबत. सेल्समनने आधी मला पाहिलं, मग उं.गा.ला, मग आईला विचारलं, "मॅडमची उंची काय?" स्थळ आल्यासारखं.
बसले. म्हणजे चढले. दोन्ही पाय लोंबकळत. एकाने जमीन गाठायला जावं तर गाडी त्याच बाजूला कलते आणि सेल्समन "अहो अहो" करत हँडल धरतो. शेवटी घोड्यावरून नवरदेव उतरवतात तसं त्याने मला उतरवलं.
मग म्हणे, "लेडीजसाठी आपल्याकडे हे आहे." फिकट गुलाबी स्कूटर. आईने फुकटची कॉफी संपवली आणि म्हणाली, "रंग छान आहे हो."


गुरु., १३
लर्निंग लायसन्स आलं! फोटोत मी फरार आरोपी दिसते.
संध्याकाळी मैदानावर पप्पांच्या जुन्या बाईकवर क्लच शिकले. बंद पडली, परत बंद पडली, मग एकदम सुटली. पप्पा मागून पळत, "क्लच! अगं क्लच!" थोड्या वेळाने आवाज यायचा थांबला. वळून पाहिलं तर गुडघ्यांवर हात ठेवून उभे. मी एकटीच अख्खं मैदान फिरून आले. काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. फार छान वाटलं.
ह्या गाडीवर पाय टेकतात. प्रश्न तो नाहीच.
घरी पप्पांचे कंपनीतले सेफ्टी बूट घालून पाहिले. जाड तळ, आत मोज्यांचे बोळे. चांगली उंची मिळाली. पप्पा दारातून : "ते कंपनीचे आहेत." आणि पेपर वाचायला गेले.

शनि., १५
गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत एक कुशनवाला सापडला. सीटचा फोम कापून गाडी दोन बोटं खाली आणतो म्हणे. "लई लोक करतात ताई. पण सांगत नाहीत."
पप्पांना सांगितलं. भडकले. "नवीकोरी सीट कापायची? कात्री लावली की कबूलच केलं ना, गाडी आपल्या मापाची नाही! उद्या म्हणशील माळा उंच आहे, स्लॅब खाली आणा."
माळ्यावरचं सामान पप्पांनाही स्टूल घेतल्याशिवाय काढता येत नाही. हे मी बोलले नाही. इथे लिहिते.

रवि., १६
टेकले!!! पाय टेकले!!!
नीट लिहिते. सायखेड्याच्या विजूमामाने (आईचा भाऊ, द्राक्षबाग, अंगापिंडाने भरपूर) फोन केला होता, पिंपळगावला एका पॅकहाउसवाल्याच्या मुलाची उं.गा. विकायची आहे. हौसेने घेतली, त्याची पाठ धरली. मामा त्याच पॅकहाउसला माल देतो. आज गेलो. क्रेटच्या थप्प्यांमध्ये उभी होती. मातीने माखलेली. शोरूममधलीपेक्षा शंभरपट सुंदर.
मी चढले, त्या मुलाने हँडल धरलं. पाय हवेत, नेहमीप्रमाणे. रडूच येणार होतं. तेवढ्यात मामा, "डबल शीट बघू दे की कशी हाय," म्हणत मागे बसला. गाडी हुश्श करून खाली गेली आणि माझे तळवे सिमेंटवर! साध्या चपलेत! ओरडलेच मी. मुलाने व्हिडिओ काढला, मी तिथूनच पप्पांना पाठवला.
पप्पांचा अंगठा आला. वरचा.

सोम., १७
पप्पांनी व्हिडिओ परत पाहिला. मोठा करून.
"मागे कोण आहे?"
"मामा."
"मामा उतरल्यावर?"
पप्पांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. गाडी मंजूर. मामांसकट."
आई इतकी हसली की तिला ठसका लागला. चिडून मामाला फोन केला. मामाने शांतपणे ऐकून घेतलं. "दाजींचं बरोबर हाय. पर आता मला नाय जमणार गं, मार्चपत्तुर बागेचं काम हाय. एप्रिलपासून येतो बसायला."
तो थट्टा करत नव्हता.

बुध., १९
दोन दिवस तोंड फुगवून होते. आज भाजी निवडताना आईने मध्येच विचारलं, "दोन्ही पाय कशाला पण?"
म्हणजे?
आई लहानपणी आजोबांच्या मोठ्या सायकलवर शाळेत जायची. सीटपर्यंत पोचायची नाही, म्हणून नळीखालून पाय घालून कैची. एक दिवस हट्टाने नळीवरून चढली. "मग थांबायचं कसं? एका कुल्ल्यावर सरकायचं. डावा पाय खाली, उजवा पेडलवर. झालं. पाय दोन आहेत म्हणून दोन्ही टेकवायचे असं कुणी सांगितलं?"
मेथी तशीच टाकून मला कंपाउंडच्या भिंतीवर बसवलं. "सरक. अजून. पडत नाहीस." ती गाऊन खोचून स्वतःही बसून दाखवत होती. समोरच्या काकांनी विचारलं, काय चाललंय? आई : "अभ्यास."
आईचं हे मला कधीच माहीत नव्हतं. गुलाबी स्कूटरबद्दल तिला माफ केलं.

शुक्र., २१
सकाळी मी आईच्या मागे स्कूटरवर. सिग्नलला पुढे पप्पा, त्यांच्या बाईकवर, कंपनीत निघालेले. आईने कोपर मारलं. "बघ."
डावा पाय खाली. उजवा वर, ब्रेकवर. पुढच्या सिग्नललाही तसंच. त्याच्या पुढच्याही.
रात्री जेवताना आई, अगदी साळसूदपणे : "अहो, तुम्ही सिग्नलला कोणता पाय टेकवता?"
पप्पांचा घास थांबला. विचार केला. टेबलाखाली पाय हलवून पाहिले, मला दिसलं.
"तिथे उतार आहे," म्हणाले.
तिन्ही सिग्नलला उतार. बरं.
पिंपळगावहून मेसेज : अजून एक जण गाडी बघायला येतोय, रविवारपर्यंत सांगा. पप्पांना मेसेज दाखवला. "हं." हं म्हणजे काय? इतकं मला कधी काही हवं नव्हतं.

रवि., २३
पप्पा सकाळीच सायखेड्याला गेले. एकटे. "मामांकडून कांदे आणतो." मी येऊ? "कांद्याला दोन माणसं कशाला?"
पायात सेफ्टी बूट. रविवारी. कांदे आणायला.
दुपारी आले. कांदे नाहीत. पँटचा एक गुडघा मातीने भरलेला, कोपर खरचटलेलं. आईने विचारलं तर म्हणाले, "घसरलं." हळद लावून घेतली, जेवले, आडवे झाले.
मी गच्चीवर जाऊन मामाला फोन लावला. आधी हसूच आवरेना त्याला. "दाजींनी सांगू नको म्हणलंय. पिंपळगावला आलते. चढले झोकात. मी म्हणलं, बसू का मागं? तर नको म्हणले. गाडी गेली की कलंडून, जागच्या जागी! क्रेटवर पडले म्हणून बरं. पर उठले, पुन्यांदा चढले गं. एका पायावर. अन् पार हायवेपत्तुर जाऊन आले. उतरायलाच तयार नव्हते."
गाडीचं काय ठरलं? "त्ये मला नाय माहीत. त्या पोराशी बाजूला जाऊन बोलत होते."
खाली आले. पप्पा उठले होते, चहा घेत होते. मी समोर बसले. गाडीचा ग सुद्धा नाही. बशी पुसल्यासारखी रिकामी केली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
"तो कुशनवाला रविवारी उघडा असतो का?"
"असतो. पप्पा, पण सीट कापायची कुणाच्या मापाने?"
"आधी पत्ता तर सांग," म्हणाले, आणि बूट शोधायला लागले.