आटलेल्या विहिरीतलं पोतं

केज,
२४ जुलै २०१६

प्रिय बायडा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर तू हे न फोडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता छबुबाईच्या नातीकडून लिहून घेतला आहे. एवढी एक लबाडी केली. बाकी काही झाकायचं नाही असं ठरवून बसले आहे. दीड वर्षात तुला फोन पुष्कळ केले. तू एकदाही उचलला नाहीस, ते बरंच झालं. उचलला असतास तर मी तब्येतीपाण्याचं, पावसाचं बोलून ठेवून दिला असता. मला तोंडानं बोलता येत नाही, हे तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहेस.

छबुबाई, आमच्या शाळेतली सेविका, गेल्या रविवारी नेकनूरच्या बाजाराला गेली होती. तिथं तिला शहादेवचे वडील, तुमचे धोंडीरामभाऊ, भेटले. तुझा शहादेव सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून बसून दहावी पास झाला, एकसष्ट टक्के पडले, हे तिनं मला वर्गाच्या दारात उभं राहून सांगितलं. पोरांना गणित घातलेलं होतं, मी फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ तशीच उभी राहिले. भाऊंनी तिला आणखीही एक गोष्ट सांगितली. तिच्याकडे मी शेवटी येते. आधी मागचं सांगू दे, कारण त्यातलं अर्धंच तुला माहीत आहे.

२०१३ चा एप्रिल तुला आठवत असेल. तुमच्या गावच्या महिला दूध संस्थेची तू सेक्रेटरी. तीनशे लिटरवरून दूध चाळीसवर आलं, मग दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली आणि तू संस्थेच्या खोलीला कुलूप लावलंस. दूध संघानं तुला आमच्या फाट्यावरच्या शीतकरण केंद्रात दुधाचं फॅट काढायच्या कामावर घेतलं. राहायला खोली, अंगणात बोअर. दुसरी कुणी असती तर त्याच दिवशी बोचकं बांधून निघाली असती. तू आधी मला फोन केलास. "मंजे, तुज्या शाळेत शहादूला घालायचं म्हणतेय. निकाल कसा लागतो ते न्हाई इचारत मी. पोरं नशापाणी करतेत का, तेवढं सांग." मी म्हणाले, ये तू, बघून जा. फोनवर खोटं बोलायला धीर झाला नाही, आणि खरं सांगायचं नव्हतं.

तू का विचारलंस ते मला माहीत होतं. तुझ्या तात्याबादादाला मांजरसुंब्याच्या ढाब्यांमागून किती वेळा उचलून आणलं होतंस तू. दोनदा मीही होते बरोबर. आपण चौदा-पंधरा वर्षांच्या, त्याचा एक हात तुझ्या खांद्यावर, एक माझ्या. त्याला जाऊन वीस वर्षं झाली तरी घरात पोरगं मोठं व्हायला लागलं की तुला त्याचीच आठवण यायची. हे सगळं ठाऊक असलेली या जिल्ह्यात एकच बाई होती, आणि तू तिलाच विचारलंस.

आता शाळेचं खरं सांगते. तुझ्या फोनच्या आधी वर्षभरापासून आमच्या आठवी ते दहावीच्या पोरांत खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या फिरत होत्या. फाट्यावरच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळायच्या. काही जण झोपेच्या गोळ्याही घ्यायचे. निम्म्या पोरांचे आईबाप दिवाळीपासून ऊसतोडीला, घरी म्हातारं माणूस नाहीतर नुसतं कुलूप. पोरं मधल्या सुट्टीत मुतारीमागं जायची आणि दुपारच्या तासाला डोळे अर्धे मिटून बसायची. आम्हा सगळ्या शिक्षकांना माहीत होतं. मुख्याध्यापक त्रिंबकरावांना मी एकदा बोलले, तर ते म्हणाले, "मंजुळाबाई, संस्था चेअरमनसाहेबांची हाय. बभ्रा झाला तर पोरं दुसऱ्या शाळेत जातेत आन् तुमची तुकडी तुटते." त्या वर्षी आठवीच्या दुसऱ्या तुकडीला पाच पोरं कमी होती. तुकडी तुटली असती तर सगळ्यांत शेवटची लागलेली म्हणून मी अतिरिक्त ठरले असते आणि परळीच्या पलीकडं कुठंतरी समायोजन झालं असतं. उपाशी मेले नसते मी, बायडा. नुसती गैरसोय झाली असती.

तू यायच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, मी छबुबाईला घेऊन मुतारीमागं गेले. खताच्या रिकाम्या पोत्यात आम्ही बाटल्या भरल्या. अर्धंअधिक पोतं भरलं. छबुबाई म्हणाली, "बाई, ह्ये पोलिसाला दावायचं का?" मी म्हणाले, नाही, विहिरीत टाकायचं. शाळेची विहीर तेव्हा दोन वर्षं कोरडी होती. पोतं तळाला आपटल्याचा आवाज आला, तेव्हा छबुबाई माझ्याकडे बघत होती. मग आम्ही वरून दगडं आणि पालापाचोळा लोटला. हे मी कुणी सांगितलं म्हणून केलं नाही. त्रिंबकरावांना ते ठाऊकसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू मांजरसुंब्याला एसटी बदलून अकराला आलीस. भांडं तोंडाजवळ नेलं की दूध कधी नासेल ते सांगणारी तू, शाळाही तशीच तपासलीस. प्यायच्या पाण्याचं पिंप उघडून पाहिलंस. वर्गाच्या खिडक्यांखाली वाकून पाहिलंस. फाटकापासून पानटपरीपर्यंत पावलं मोजलीस. मुतारीमागं गेलीस आणि परत येऊन म्हणालीस, "झाडलंय चांगलं." छबुबाईला विचारलंस तर ती खाली बघत म्हणाली, "आमी झाडतो फकस्त, बाकी बाईंनला म्हाईत." मग तू विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिलीस. मी मागं चार पावलांवर. तू आत डोकावून म्हणालीस, "कवा आटली?" दोन वर्षं झाली म्हणाले. तू मान हलवलीस आणि वळलीस.

जेवताना तू भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून विचारलंस, "आता तू सांग, मंजे." मी म्हणाले, एखाददुसरं पोरगं गुटखा खातं, ते कुठल्या शाळेत नसतं? माझ्या तुकडीत राहील तो, माझं लक्ष राहील. तू माझा हात धरलास. भाकरीनं हात पिठुळ होते तुझे. "मंग तुज्या भरवशावर आणते," म्हणालीस.

जूनमध्ये तुम्ही आलात आणि तुझ्या पाठोपाठ तुमच्या गावची आणखी चार घरं आली. बायडाबाईनं पोरगं घातलंय म्हणजे शाळा चांगलीच असणार, असं ती माणसं मला सांगायची. तीस सप्टेंबरला पट मोजला, तुकडी राहिली. त्रिंबकरावांनी पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

शहादेवकडे माझं लक्ष होतं, हे खोटं नाही. आठवीचं वर्ष सरळ गेलं. संध्याकाळी वही घेऊन यायचा, आणि गणितं झाली की शीतकरण केंद्रातली यंत्रं कशी चालतात ते सांगत बसायचा. कंप्रेसरचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा. मला वाटायला लागलं की माझं खोटं पचलं, कुणाचं काही बिघडलं नाही. नववीत दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला. वर्गात घाम यायचा त्याला, वही पुढ्यात नुसती उघडी असायची. एक दिवस त्याच्या बाकाशी वाकले तर तो गोडसर वास आला. तो वास मला चांगला ओळखीचा होता. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी केंद्राकडे निघाले होते. अर्ध्या वाटेवरून परतले. तुला सांगितलं असतं तर तू पहिलं हेच विचारलं असतंस की वास कशाचा ते तुला कसं कळलं. शहादेवला मी एकटं गाठून रागावले, शपथ घातली, आणि गप्प बसले. अशी दोन महिने गप्प बसले. त्या दोन महिन्यांत तू मला तीनदा विचारलंस, पोरगं जेवत नाही, शाळेत काही झालंय का. तिन्ही वेळा मी परीक्षेचं टेन्शन म्हणाले.

मग सव्वीस जानेवारीच्या कवायतीच्या सरावाला तो मैदानावर पडला. तो दिवस तुला मी काय सांगू. केजहून अंबाजोगाईला नेताना जीपमध्ये त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि तू त्याच्याशी सारखी बोलत होतीस, कुठल्या म्हशीनं किती दूध दिलं असलं काहीबाही, त्यानं डोळे मिटू नयेत म्हणून. मी पुढच्या सीटवर बसले होते. मागं वळून पाहायचं धाडस मला झालं नाही. चौथ्या दिवशी तो उठून बसला, तेव्हा तू मला मिठी मारून रडलीस. त्या मिठीइतकं मला पुढं कशानंच जाळलं नाही, त्या बैठकीनंसुद्धा नाही.

त्याला दवाखान्यातून सोडल्यावर शाळेनं घेतलेल्या बैठकीत जो अहवाल त्रिंबकरावांनी वाचला, 'सदर विद्यार्थ्यास शाळेत प्रवेश घेण्यापूर्वीपासूनच व्यसन होते, शाळेच्या परिसरात असा कोणताही प्रकार नाही,' तो माझ्या अक्षरातला होता. वर्गशिक्षिका म्हणून खाली सही माझी होती. शब्द त्यांनी सांगितले होते, पण पेन काही त्यांनी माझा हात धरून चालवलं नाही. शहादेव भिंतीला टेकून उभा होता. उभं राहायचीही ताकद नव्हती त्याच्यात. तो म्हणाला, "बाईंनला इचारा. त्यांनला सगळं म्हाईत हाय." खोलीत सात माणसं होती. सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी समोरच्या हजेरीपटावरची नावं वाचत बसले. तू दाखला घेतलास, पोराच्या काखेत हात घातलास आणि निघालीस. नोकरी, खोली, पाणी, सगळं टाकून आठवड्यात गावी परत गेलीस. वर गावात म्हणत असतील, बायडानं पोरगं बिघडवून आणलं. तुमच्या गावच्या त्या चार घरांतली दोन धाकटी पोरं अजून आमच्याच शाळेत आहेत. एकाच्या बापाला मी काल भेटले आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता सांगताय व्हय."

आता ती दुसरी गोष्ट. शहादेवचा बीडला आयटीआयला नंबर लागला, पण वसतिगृहानं दाखल्यावरचा 'वर्तणूक असमाधानकारक' हा शेरा वाचून त्याला परत पाठवलं, असं भाऊंनी छबुबाईला सांगितलं. बीडला राहायची सोय नाही म्हणून तो घरीच बसून आहे. तो शेरा माझ्या अहवालावरूनच पडला. हे ऐकलं त्या संध्याकाळी मी चार पानी जबाब लिहिला. बुधवारी बीडला जाऊन शिक्षण विभागाच्या कार्यालयात दिला आणि पोच घेतली. बाटल्या, पोतं, विहीर, तुला दिलेलं उत्तर, खोटा अहवाल, सगळं आहे त्यात. छबुबाईनं स्वतःहून खाली अंगठा उठवला. मी तिला नको म्हणत होते, तर म्हणाली, "पोतं दोघींनी धरलं व्हतं, बाई." त्रिंबकराव काल घरी आले होते. जबाब मागं घ्या, नाहीतर पहिली कारवाई तुमच्यावरच होईल, म्हणाले. होईल तर होवो. त्यांना चहा केला, त्यांनी तो घेतला नाही.

जबाबाची आणि पोचेची नक्कल पाकिटात आहे. ती घेऊन भाऊंनी वसतिगृहाच्या अधीक्षकांना भेटावं. दाखला दुरुस्त होईपर्यंत तरी ते ऐकतील अशी आशा आहे. पण नक्कल दुसऱ्या कुणाहाती पाठवता आली असती. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. बारा ऑगस्टला चौकशीची तारीख आहे आणि पालक म्हणून तुला कार्यालयाची नोटीस येणार आहे. मागच्या वेळी मी काय लिहिलंय ते तुला सात माणसांसमोर, पोराला सावरत उभं राहून, कानांवर पडलं. या वेळी मी काय बोलणार आहे ते तुझ्या घरात, तुझ्या जागी बसून, तुला सगळ्यांच्या आधी कळावं. तुला वाटलं तर ये, नाहीतर येऊ नकोस, मी तेच बोलेन. शहादेवला आणलंस तर या खेपेला मी त्याच्याकडे बघून बोलेन. त्यानं माझ्याकडे बघायची गरज नाही.

जिचा हात धरून तू भरवसा ठेवलास, ती
मंजुळा