हवालदारांचा आरसा

कार्तिक वद्य तृतीया, शके १८०३, शहाड

जायचं होतं नाशिकला, उतरलो कल्याणला, आणि चालत चालत आलो शहाडला. माझं हे असंच! नदीकाठी एक म्हातारा जाळं विणत होता. त्याच्याशी गप्पा मारत बसलो नि गाडी गेली. त्यानंच सांगितलं, काळुराम हवालदारांकडे माणूस हवाय. काम काय, तर नुसतं बसायचं. मला आणखी काय पाहिजे!

हवालदार गेल्या साली कंदाहारच्या लढाईतून परतले. तोफेच्या गोळ्यानं उजवा गाल आणि थोडा जबडा गेलाय. तोंडावर सदा उपरणं. घरात आरसा नाही. त्यांची बायको ठमाबाई पितळी भांड्यांना चिंचसुद्धा लावत नाही, चमकतील म्हणून. शेजारणी तिला आळशी म्हणतात. न्हाव्याचा हात थरथरला, तेव्हापासून न्हावीही बंद. म्हणून सकाळी मी समोर बसायचं, आरशासारखं. त्यांनी उजवा हात उचलला की मी डावा. माझं तोंड बघत ते उरलेल्या गालाची दाढी करणार.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकी कोळंबी. झकास.

पंचमी

काम जमलं. हवालदारांचं बोलणं कळत नाही, ठमाबाई उलगडून सांगते. आज त्यांनी मला हसायला सांगितलं. हसलो. बघता बघता त्यांनी स्वतःच्या गालावर हात नेला, आणि रडले. पलटणीतले सोबती जेवताना त्यांच्याकडे पाठ करून बसायचे म्हणे. ठमाबाई म्हणाली, तू आल्यापासून ते पोटभर जेवतात, जाऊ नकोस रे बाबा. मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

तिनं त्यांचा जुना कोट मला दिला. बरोब्बर बसला. नदीवर बगळे किती आले होते! असो.

अष्टमी

जेवताना ठमाबाई खेकसली, अरे मेल्या, डाव्या हातानं जेवतोस?

बघतो तर खरंच. समोर हवालदार उजव्या हातानं घास घेत होते. मी मुद्दाम केलं नव्हतं. हात ताटाखाली दाबून धरला. ते हसले. म्हणजे, हसले असावेत.

दशमी

पळालो. कल्याणला पोचलो. तिकीटवाल्यानं एकदा पाहिलं आणि मान फिरवली. एका बाईनं पोराला पदराआड घेतलं. गालाला हात लावला, गाल धड होता. पण तोंडावर उपरणं होतं. ते मी कधी घेतलं?

कुणीतरी मागून म्हणालं, काय हवालदार, बरे आहात ना?

परत आलो. पाय आपोआप वळले. ठमाबाईनं ताट वाढलं.

द्वादशी

डावा गाल बधिर झालाय. पाणी पितो ते त्या बाजूनं ओघळतं.

सकाळी हवालदारांनी उपरणं काढलं, पहिल्यांदाच पुरतं. मी मान वळवू शकलो नाही, कारण ते वळवत नव्हते. ते बराच वेळ बोलले. ठमाबाई रडत त्यांचे शब्द सांगत होती: माझा आरसा, म्हणजे तू, धड गाल दाखवतोस, ते खोटं आहे. तो गाल तिकडे कंदाहारलाच मेला. एकदा खरं काय ते बघू दे, मग मी माणसांत जाईन. मग तुलाही सोडीन.

म्हटलं, दाखवतो, पण कसं?

तिनं फळीवरून दुसरा वस्तरा काढून ठेवला.

त्रयोदशी

सकाळ. ऊन ओटीवर आलंय. ठमाबाईनं दार लावून घेतलं, बाहेरून कडी घातली. दारापलीकडून तिचा आवाज येतो, माफ कर रे —

आज हवालदारांनी चामड्यावर दोन वस्तरे घासले. एक त्यांच्यापुढे. एक माझ्यापुढे.

त्यांनी त्यांचा उचलला. उजव्या गालाशी नेला, जिथं केसही येत नाही —

मला नको. मी नको म्हणतोय. तेही ओठ हलवतात, माझ्याबरोबरच —

वही मांडीवर. हे उजव्या हातानं लिहितोय. तो अजून माझा आहे. डावा —