बोरॉनचा फुगवटा

३ मार्च, सोमवार
ही रागावून भावाकडे गेली त्याला आठवडा झाला. शांत होईल चार दिवसांत. तोवर माझ्या नव्या संयुगातल्या बोरॉनचा सिग्नल मिळवायचा. संकल्प: सहाला उठणे. आठला लॅबमध्ये, अणूंचे सिग्नल टिपणाऱ्या एनएमआर मशीनवर हजर. शुक्रवारी यश. शनिवारी हिला घेऊन येणे.

४ मार्च
नऊला उठलो. घरात साखर कुठे असते कोण जाणे. हायड्रोजन काय, कुणीही बघेल! बोरॉनला धीर लागतो. सिग्नल शून्य.

६ मार्च
शून्य. ट्यूनिंग केलं, केबल बदलली, मशीनला शिव्या घातल्या. हिचा फोन येऊन गेला. कामात होतो, उचलला नाही. पण आठवण येतेय तर बाईसाहेबांना!

७ मार्च, दुपारी
स्कॅन शंभरपट केले आणि आला! पसरट आहे, लठ्ठ आहे, पण आला! ऑपरेटर मॅडम म्हणाल्या, टोकदार रेघ हवी, हा कसला फुगवटा? नमुना भरतो त्या नळीच्या काचेतही बोरॉन असतं, एकदा रिकामी नळी लावून बघा. बावीस वर्षं हेच करतोय मी. रिकामी नळी लावायला खुळा आहे का?
मेहुण्याला फोन करून सांगितलं, उद्या हिला न्यायला येतो.

८ मार्च, शनिवार
रिपोर्ट लिहायला बसलो, जाणं राहिलं. मेहुणा म्हणाला, ती सकाळपासून बॅग भरून बसली आहे. म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की. एवढ्या मोठ्या शोधापुढे आठवडा म्हणजे काय!

१२ मार्च
साहेबांनी सगळ्यांसमोर रिकामी नळी लावायला सांगितली. तोच फुगवटा. तस्साच. म्हणजे इतके दिवस मी काच मोजत होतो. मॅडम हसल्या नाहीत, चहा आणून दिला. ते जास्त लागलं.

१३ मार्च, संध्याकाळी
हिला फोन केला. आवाज ऐकला आणि भडाभडा बोलत सुटलो. माझं चुकलं म्हणालो, तीनदा म्हणालो. जन्मात पहिल्यांदा. ती रडायला लागली. म्हणाली, हे ऐकायला किती वर्षं थांबले रे. मी म्हणालो, हो ना, मॅडमचं ऐकून रिकामी नळी आधीच लावायला हवी होती.
 तिनं विचारलं, तू नळीबद्दल बोलतोयस? मी हो म्हणालो. तिनं फोन ठेवला.
नळी गेली खड्ड्यात, तू घरी ये, एवढंच म्हणायचं होतं. तेव्हापासून सात वेळा फोन लावला. उचलत नाही.