जावयानं बसवलेले सात प्लग

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१८ ऑगस्ट १९९६

तीर्थस्वरूप कुसुमताईस धाकट्या भावाचा, म्हणजे हिम्मतचा, वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? नांदेडला पाऊस आहे का? इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण खुशाल कुणी नाही. मी तर रागानं नुसता फणफणलोय, आणि हा राग तुझ्यावरच निघणार, कारण आमच्या त्रिवेणीला किशोरचं स्थळ तूच आणलंस. मुलगा पुण्याचा आहे, कंप्युटरमध्ये आहे, हाताला कसब आहे, ही तुझीच वाक्यं. ते कसब आता माझ्या भिंतीत शिरलंय!

धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावलं. तेहतीस अनारसे, चांदीची वाटी, धोतर (तो नेसत नाही, स्टूल पुसायला घेतलं), सगळं रीतसर दिलं. तिसऱ्या दिवशी जावईबापू म्हणाले, मामा, या घरात प्लगच नाहीत. नाहीत तर नाहीत! सरकारनं बाजार खुला केला म्हणून चार वर्षांत फ्रिज आला, धुण्याचं मशीन आलं, कूलर आला. भिंतीतल्या तारा मात्र आपल्या अण्णांच्या वेळच्याच. पण अधिक मासात जावयाला नको म्हणायचं कसं? तो साक्षात नारायण. तुझी भावजय चतुरा तर पदर खोचून त्याला पेचकस देत उभी. नारायणानं कोठीच्या बाजारातून वायर आणली, मधल्या खोलीतल्या दिव्याच्या बटणातून पहिला प्लग काढला, पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असे सात. एका गाईला सात वासरं! वर प्रत्येकाला तीन भोकं. तिसरं अर्थिंगचं असतं म्हणे. आमच्याकडे त्याच्यामागे तारच नाही, नुसतं शोभेला. आणि बसवले कुठे, तर जमिनीपासून वीतभर उंचीवर, वायर दिसायला नको म्हणून. त्रिवेणी गणपतीनंतर पहिल्या बाळंतपणाला येणार, पोर रांगायला लागेपर्यंत राहणार. रांगतं पोर भोक दिसलं की आधी बोट घालतं, हे पुण्यात शिकवत नाहीत काय?

तो गेला आणि फ्रिज झिणझिण्या द्यायला लागला. तीस वर्षं स्वयंपाकघरात कुणाला चप्पल घालू न देणारी चतुरा आता रबरी स्लिपर घालून लाकडी पळीनं फ्रिज उघडते. काढून टाकू म्हटलं, तर जावयानं हौसेनं बसवलेलं काढलं तर लेकीला काय वाटेल, हे ऐकवते. अगं बाई, वाटायला लेक शाबूत तर राहू दे!

परवा मंगळवारी कूलर, मशीन आणि इस्त्री एकदम चालू होती. जळका वास आला. ही म्हणाली, उदबत्ती असेल. (उदबत्तीला रबराचा वास कधीपासून यायला लागला?) जाऊन बघतो तर मधल्या खोलीत वायरवरच्या लाकडी पट्टीतून धूर. धावत जाऊन मेन बंद केला म्हणून वाचलो. यादगिरी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पट्टी उचकटली, आतली तार हातभर जळून कोळसा झालेली. मग फ्यूज काढून बघितला आणि म्हणाला, "साब, कौन हौला किया ये काम?" हौला म्हणजे इकडच्या बोलीत बिनडोक. जावयाचं नाव सांगायची लाज वाटली. आहे एक जण, म्हटलं. त्याच्या मते ती तार दिव्यापुरती. फ्रिज, मशीन, इस्त्रीला मीटरपासून वेगळी जाड लाइन हवी, अर्थिंगसकट. सातवी नापास यादगिरीला जे कळतं ते इंजिनियरला कळू नये? दिवाळीत येऊन आणखी दोन बसवणार आहे म्हणे! स्थळ तू आणलंस, तर तूच त्याला खडसावून सांग, की पक्कड घेऊन माझा उंबरा ओलांडू नकोस.

तुझा,
हिम्मत

ता. क. वरचं पत्र किशोरला दाखवू नकोस. बोलूही नकोस. तो गेल्यावर फ्यूज रोज संध्याकाळी उडायचा. उडतो म्हणजे तो त्याचं काम करतो, हे मला यादगिरीनं आता सांगितलं. मला वाटलं, तार कच्ची आहे. म्हणून मी तांब्याच्या तारेचे सहा पदर पिळून घातले आणि कसा पक्का केला म्हणून चतुरासमोर मिशीला पीळही दिला. त्यानंतर फ्यूज उडाला नाही, भिंत जळाली. तेव्हा यादगिरी कुणाला हौला म्हणाला ते तुझं तूच समज.

ता. क. दुसरा. जिथं पट्टी जळाली, त्याच्या खालीच त्रिवेणीची खाट लावून ठेवली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत मला ठाऊक आहे, लोक काय बोलतील तेही ठाऊक आहे. पण भिंती फोडून नव्या तारा घालायला यादगिरी दिवाळी गाठणार, आणि पोरीचे दिवस दसऱ्याला भरतात. तिला या घरात झोपवायची माझी छाती होत नाही. ताई, तिचं बाळंतपण तू करशील का? चतुराला अजून बोललो नाही. तू हो म्हण, मग बोलतो.